मावंदं ते पेढे : वाटून घेतलेल्या हौसेचा इतिहास



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लढाया, तह, गेलाबाजार एखादं घराणं तरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. आज आम्ही यातलं काहीच आणलेलं नाही. आज बोलायचं आहे ते हौसेबद्दल. कुणी सायकल घेतली, कुणी कॅमेरा घेतला, कुणी काशीला किंवा माथेरानला जाऊन आलं आणि आल्यावर ते चार जणांना सांगितलं, दाखवलं, खाऊ घातलं. बस, एवढाच विषय. तो क्षुल्लक वाटला तर वाटू द्या. तासाभरानं तो तितका क्षुल्लक वाटणार नाही, एवढं आश्वासन आम्ही देतो.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत या प्रांतातले तीन शब्द आहेत: छंद, नाद आणि हौस. तिन्हींचं वागणं वेगवेगळं आहे बघा. छंद शाळेच्या निबंधात लिहिता येतो. नाद ‘लागतो’, आणि तो लागला की घरची माणसं काळजीत पडतात. हौस मात्र ‘पुरवावी’ लागते, ‘भागवावी’ लागते. हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. मूळ ‘हवस’ म्हणजे वासना, लालसा. मराठीत आल्यावर त्यातलं विष उतरलं आणि तो अगदी घरगुती झाला. बारशाची हौस, दागिन्याची हौस, नाटकाची हौस. पैसे न घेता नाटक करणारा तो ‘हौशी’ नट. आणि ‘हौसेला मोल नाही’ असं म्हणून आपण खर्चाचा हिशेब मिटवूनही टाकतो.

छंद आणि हौस यांत आणखी एक फरक आहे. छंद एकट्याला जोपासता येतो. तिकिटं जमवणारा माणूस रात्री दार लावून तिकिटं चिकटवत बसला तरी त्याचा छंद पुरा होतो. हौसेला मात्र साक्षीदार लागतो. नवी पैठणी नेसून कुणी आतल्या खोलीत बसून राहत नाही. आमचा आजचा प्रश्न इथूनच सुरू होतो. हौसेला दुसरा माणूस का लागतो, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला नेमकं काय येतं?

या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं उत्तर प्रवासाशी बांधलेलं आहे. रेल्वे येण्यापूर्वी सामान्य माणसाचा मोठा प्रवास म्हणजे तीर्थयात्रा. काशीला जाणारा माणूस घरच्यांचा निरोप घेऊनच निघे, कारण परत येण्याची खात्री नसे. महिनोन् महिने पायी चालायचं, वाटेत चोर, पूर, पटकी. आणि तो परत आलाच, तर गावजेवण होई. त्याला मावंदं म्हणतात. हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही, पण तो सांभाळून ठेवण्यासारखा आहे. घराचा उंबरठा ओलांडला म्हणून यात्रा संपत नसे, मावंदं घातलं की संपे. गंगेचं पाणी भरून तोंड बंद केलेले गडू आणलेले असत. ते आप्तेष्टांना दिले जात, आणि घेणारा माणूस तो गडू देवघरात ठेवी, शेवटच्या घोटासाठी. म्हणजे जाणारा एक, पण पुण्याचे वाटेकरी अनेक. न गेलेल्यांचा त्या यात्रेवर हक्क असे, आणि गेलेला माणूस त्यांचं काहीतरी देणं लागे.

विष्णुभट गोडसे हे नाव तुम्हांला माहीत आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक 1857 साली उत्तरेत निघाले ते कर्ज फिटावं म्हणून. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलं होतं. वाटेत बंडाची आग लागली, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, कमावलेलं लुटलं गेलं. तरीही घरी परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. पैसे आणता आले नाहीत, पण कावड आणलीच पाहिजे, हे त्यांच्या मनात किती पक्कं असेल बघा. पुढे 1883च्या सुमारास चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहून काढला आणि तो 1907 साली छापून आला. सत्तावन्नच्या इतिहासाचं साधन म्हणून आपण तो वाचतो, ते ठीकच आहे. आमचं म्हणणं एवढंच की प्रवासाहून आलेल्या माणसानं मागे राहिलेल्यांना सांगायचं असतं, या रिवाजातून ते साधन आपल्या हाती आलं आहे.

मग आली आगगाडी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, चौतीस किलोमीटर. 1863 साली बोरघाटाचा चढ खुला झाला आणि मुंबई-पुणे हा प्रवास एका दिवसाच्या आत आला. 1879 साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. या दोन गोष्टी जोडीनं पाहाव्या लागतात. एकीनं माणूस स्वस्तात गेला, दुसरीनं त्याची हकीकत स्वस्तात मागे आली. ‘सुखरूप पोचलो’ हे दोन शब्द घरी कळायला पूर्वी महिने लागत, ते आता दोन-चार दिवसांत कळू लागलं.

पण गाडीनं एक अडचणही निर्माण केली. देवाला न जाता नुसती हवा खायला जाणं, याला आपल्याकडे जागाच नव्हती. माथेरानचं ठिकाण 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी साहेबलोकांच्या नजरेस आणलं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी 1907 साली सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशांतून. हळूहळू मुंबईचा कारकून, मास्तर, वकीलही उन्हाळ्यात तिथं जाऊ लागला. या जाण्याचं पुण्य नाही, मग घरी परतल्यावर वाटायचं काय? लोकांनी उत्तर शोधलं: खाऊ. लोणावळ्याची चिक्की, महाबळेश्वरचे चणे, माथेरानच्या चपला. प्रसादाची जागा चिक्कीनं घेतली असं म्हटलं तर हसू येईल, पण शेजारच्या घरी चिक्कीची पुडी नेऊन देणारी बाई आणि गंगेचा गडू नेऊन देणारी तिची पणजी या एकच काम करत होत्या. आम्ही गेलो, तुम्ही राहिलात, त्याची ही भरपाई.

आता प्रवासाकडून वस्तूकडे येऊ. वस्तूचा प्रश्न जास्त अवघड आहे. पाणी वाटता येतं, चिक्की वाटता येते, सायकल कशी वाटणार?

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. साल 1888. कारखानदारीच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. आपल्या विषयासाठी तिची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. त्या काळात सायकल विकायची म्हणजे ती चालवायला शिकवावीही लागे, कारण घेणाऱ्यानं आयुष्यात त्या यंत्राला हात लावलेला नसे. म्हणजे पहिली सायकल गावात आली की तिच्याबरोबर एक कसब येई, आणि ते कसब एका घरात राहत नसे. ज्याच्याकडे सायकल आहे त्याच्या मित्रांना सायकल येते. मोठ्या माणसांच्या उंच सायकलीवर नळीखालून पाय घालून तिरकं तिरकं चालवायला शिकलेली पोरं तर परवापरवापर्यंत गावोगाव दिसत. यातल्या बहुतेकांच्या घरी सायकल नव्हती. त्यांना कुणीतरी ‘एक फेरी’ मारू दिली होती.

‘फेरी’ हा आजच्या व्याख्यानातला कळीचा शब्द आहे. नवी वस्तू नुसती दाखवायची की तिची फेरी द्यायची? दाखवलं की समोरच्याच्या डोळ्यांत ती भरते. फेरी दिली की ती त्याच्या हातापायांत उतरते. फेरी देणाराही काही कमी धोका पत्करत नाही. चाकाला आउट येईल, मडगार्डाला पोचा पडेल, हे त्याला माहीत असतं. तरीही तो देतो, कारण न देणाऱ्याला ‘कंजूष’ हे नाव पडतं आणि ते जन्मभर पुसलं जात नाही.

पुढे पुण्यासारख्या शहरात सायकल तासाच्या भाड्यानं मिळू लागली. दुकानदार वहीत नाव लिहायचा, वेळ लिहायचा. तासाचं भाडं दोघांत, तिघांत काढायचं आणि आळीपाळीनं चालवायची. अंधार पडल्यावर दिवा नाही, डबलसीट बसलेत, म्हणून पोलिसांनी धरलं की हवा सोडणं ठरलेलं. ही आळीपाळीची फेरी म्हणजे मालकी नसताना हौस भागवण्याची सोय होती.

सायकलीची आणि सांगण्याची एक मोठी गोष्ट मुंबईची आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगप्रवासाला निघाले. एक जण तेहरानहून परत फिरला, आणखी दोघांनीही वाटेत साथ सोडली. उरलेले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, इराण, इराक, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असं करत 1928 साली मुंबईत परतले. सुमारे 71 हजार किलोमीटर. हे सुचलं कशावरून? ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचं व्याख्यान झालं होतं. तो युरोपातून हिंदुस्थानपर्यंत पायी आला होता. त्यानं सांगितलं, यांनी ऐकलं. व्याख्यानमालांना जाणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, ऐकून माणसं कुठल्या कुठे जातात! परत आल्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ते 1931 साली आलं आणि त्याला प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची होती. तोवर 1924 मध्ये फ्रामरोझ दावर निघाले होते. 1933 मध्ये आणखी तिघांची तुकडी निघाली. दहा वर्षांत एकाच शहरातल्या एकाच छोट्या समाजातून तीन खेपा. एकाचा प्रवास सांगितला गेला की तो दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो, याचा याहून चांगला पुरावा कुठून आणायचा?

आता कॅमेरा. मुंबईत 1854 साली छायाचित्रणाची संस्था निघाली, देशातली पहिली. लुई दागेरच्या शोधाला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. डॉ. भाऊ दाजींचे धाकटे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. सभासदांनी आपापली चित्रं आणायची, ती हातोहात फिरवायची, रसायनांबद्दल वाद घालायचे, अशी ही बैठक. पण हे सगळे खिशात पैसा आणि हातात वेळ असलेले लोक. कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला 1888चा कोडॅक आणि 1900 सालचा एक डॉलरचा ब्राउनी यावा लागला, आणि आपल्याकडे तर त्याहूनही पुष्कळ उशीर झाला.

तुमच्यापैकी पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना आग्फाचा क्लिक-थ्री आठवत असेल. काळा, चौकोनी, बडोद्याला तयार व्हायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. बाराच! या बारा आकड्यानं एक अख्खी समाजरचना उभी केली असं आम्हांला वाटतं. कॅमेरा एकाचा, रोलचे पैसे सगळ्यांचे. सहल सिंहगडावर निघाली तर पायथ्याशी दोन, कल्याण दरवाज्यात तीन, देवटाक्यापाशी एक, असं आधी ठरायचं. कोण कुणाशेजारी उभं राहणार यावर रुसवेफुगवे व्हायचे. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, म्हणून उरलेले दोन फोटो कुणाच्या तरी मुंजीत संपवायचे. धुऊन आल्यावर परत बैठक: ‘याची एक कॉपी मला काढ.’ काळ्या जाड कागदाच्या अल्बममध्ये चार कोपऱ्यांवर त्रिकोणी कोपरे लावून फोटो बसायचे. पाहुणा आला की चहाबरोबर अल्बम. आणि ज्याचा कॅमेरा, तो माणूस बहुतेक फोटोंत नसायचा. वस्तू ज्याची तोच चित्राबाहेर. हौस मिरवण्याची असते असं आपण सहज म्हणतो, त्याला हा चांगला अपवाद आहे.

रेडिओची कथा आणखी बोलकी आहे. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचं केंद्र सुरू झालं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं. रेडिओ घरी ठेवायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. ती कंपनी 1930 साली बुडाली, तेव्हा अख्ख्या देशात परवान्यांची संख्या आठ हजारांपर्यंतही पोचली नव्हती. पण परवाने मोजून ऐकणारे मोजता येत नाहीत. रेडिओ खिडकीत ठेवला की तो आळीचा व्हायचा. मुंबईत बॉबी तल्यारखानांच्या इंग्रजी समालोचनाच्या आणि नंतरच्या काळात बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाच्या वेळी पानाच्या गादीपुढे जी गर्दी जमायची, तिच्यातल्या कितीजणांकडे परवाना असेल?

आणि मग 1 एप्रिल 1955, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांची छप्पन गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, दर आठवड्याला एक, पुढच्या रामनवमीपर्यंत. या वर्षाच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या आहेत. रेडिओला हार घातला, उदबत्ती लावली, शेजारपाजारच्या बायकामुलांनी ओटी-पडवी भरून गेली. खरेदीची पावती एकाच्या नावावर होती. वस्तू मात्र वाड्याची होती.

इथे थोडं थांबू या. कारण आतापर्यंत ऐकलेलं सगळं फार गोड वाटलं असेल, आणि गोड इतिहासापासून सावध राहावं लागतं.

मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं त्याच 1927 साली, चार महिने आधी, 20 मार्चला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. एका सार्वजनिक तळ्यातलं पाणी प्यायला हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्याबद्दल मारही खावा लागला. आता आपण म्हणालो तो वाड्यातला रेडिओ डोळ्यांपुढे आणा. ध्वनिलहरी जात विचारत नाहीत हे खरं. ओटी विचारते. कोण ओटीवर, कोण पायरीवर, कोण रस्त्यावर, हे आधीच ठरलेलं असे. मावंद्याच्या पंगतीतही कोण कुठल्या ओळीला बसणार, कुणाला शेवटी अंगणाबाहेर वाढलं जाणार, हे ठरलेलंच होतं. गंगेचा गडू कुठल्या घरांत गेला आणि कुठल्या घरांत गेला नाही, याची यादी कुणी केली तर ती गावाच्या जातिव्यवस्थेचा नकाशाच ठरेल. पायरीवरून ऐकलेलं गाणं तेच असतं, पण ऐकण्याची आठवण वेगळी असते. ज्यांनी हार घातल्याच्या आठवणी लिहिल्या ते बहुधा ओटीवरचे होते, हे आपण विसरू नये.

बायकांचंही पाहा. नव्या वस्तू पाहण्या-दाखवण्याची बायकांची मुख्य सभा म्हणजे चैत्रातलं आणि संक्रांतीचं हळदीकुंकू. नवं कपाट, नवी शिलाई यंत्राची पेटी, नवऱ्यानं मुंबईहून आणलेला चिनी मातीचा सेट, सगळं त्या दिवशी बघायला मिळे. शिवाय ‘लुटायची’ वस्तू दिली जाई, तीही एक प्रकारची वाटणीच. पण या सभेला विधवा बाईला आमंत्रण नसे. घरात नवी वस्तू आली, ती पुसली तिनं, मांडली तिनं, आणि ती पाहायला मंडळी येणार त्या वेळी तिनं आत बसायचं.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाई किती मोठ्या वाटतात ते सांगितलं पाहिजे. 1882 साली त्यांना वैधव्य आलं. त्या इंग्लंडला गेल्या, 1886 ते 1888 अमेरिकेत हिंडल्या, आणि 1889 साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत काढलं. तिथल्या शाळा, तिथली घरं, तिथल्या बायकांच्या संस्था, सगळं तपशिलानं. ज्या बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नसतं, तिनं अख्खी अमेरिका मराठी वाचकांपुढे मांडून ठेवली. आमच्या मते हेही मावंदंच आहे, आणि त्या मावंद्याला सर्वांना आमंत्रण होतं.

तर, वाटून घेण्याला दार असतं. ते कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे विचारल्याशिवाय हौसेचा इतिहास लिहिता येत नाही.

आता शेवटच्या टप्प्याकडे, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या काळाकडे वळू. तरुण श्रोत्यांना हे थोडं परीकथेसारखं वाटेल. पैसे आहेत, दुकान आहे, पण वस्तू नाही! पुण्याजवळ आकुर्डीला बजाजनं इटालियन व्हेस्पाच्या परवान्यावर 1960च्या सुमारास स्कूटर बनवायला घेतली, 1972 साली चेतक आली. किती स्कूटरी काढायच्या तेही सरकारी परवान्यावर ठरे. नंबर लावायचा आणि वाट पाहायची, काही ठिकाणी दहा-दहा वर्षं. मुलगी झाली की स्कूटरचा नंबर लावून ठेवा, लग्नापर्यंत मिळेल, असा विनोद तेव्हा केला जाई, आणि त्यात विनोद फारसा नसे.

इतक्या वर्षांनी वस्तू दारात आली की काय व्हायचं? चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूचा हार, समोर नारळ, पुढच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक. आणि लगेच पेढे. आधी देवापुढे, मग वाड्यात, मग कचेरीत. पेढे न देणाऱ्याला ‘पेढे कुठायत?’ असं हक्कानं विचारलं जाई. हा हक्क कुठून आला? आम्हांला वाटतं, तो थेट मावंद्यातून आला. दहा वर्षं नंबर लावून बसलेले सगळेच असतात, त्यांतल्या एकाचा लागतो. बाकीच्यांच्या पोटात कालवाकालव होणं साहजिक आहे. त्या मत्सराला आपल्या लोकांनी ‘नजर’ असं नाव दिलं आणि त्यावर उपायही काढला: तोंड गोड करा. पेढा खाल्लेल्या माणसाला वाईट चिंतणं जड जातं.

पण नुसत्या पेढ्यावर हिशेब मिटत नसे. त्या स्कूटरवरून शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं, वाड्यातल्या मुलाला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचं, हे ओघानंच येई. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, वर्षभरात पुण्याला दिसू लागलं. मग ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे रविवारच्या सिनेमाला सतरंजी अंथरलेली. यजमानांचं जेवण लांबे, घरातली सून वैतागे, पण दार लावणं बरं दिसत नसे. फोनचं तर विचारूच नका. लग्नपत्रिकेवर फोन नंबर छापलेला आणि पुढे ‘पी.पी.’. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, तुम्ही करा, ते आम्हांला हाक मारतील. दुसऱ्याच्या घरातली वस्तू स्वतःचा पत्ता म्हणून छापायची! यात शेजाऱ्याचा मोठेपणा होता, तसा दोन्हीकडचा ताणही होता. रात्री साडेदहाला आलेला फोन, हाक मारायला जिने उतरणारी माणसं, आणि आपलं खाजगी बोलणं दुसऱ्याच्या दिवाणखान्यात उभं राहून बोलावं लागणं.

हे सगळं फार सुंदर होतं असा आमचा दावा नाही. टंचाई कुणालाही हवीहवीशी नसते. स्वतःचा फोन आल्यावर ज्या बाईनं प्रथमच माहेरी मोकळेपणी बोलून घेतलं असेल, तिला विचारा पी.पी. नंबर चांगला होता का म्हणून. ज्याला ओटीवर जागा नव्हती, त्याच्या घरी स्वतःचा ट्रान्झिस्टर आला तेव्हा त्याला काय मिळालं असेल, याची कल्पना ओटीवरच्यांना यायची नाही. स्वतःची वस्तू म्हणजे काही वेळा स्वतःचं स्वातंत्र्य असतं.

तेव्हा ‘पूर्वी सगळे वाटून घेत, आता कुणी वाटत नाही’, असं रडगाणं आम्ही गाणार नाही. लोक आजही सांगतातच. सहलीचे फोटो, नवी गाडी, नवा फोन मित्रांना दाखवतातच. दाखवणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे आणि दारंही पुष्कळ ठिकाणी रुंदावली आहेत. बदललं आहे ते एवढंच: दाखवण्यापाठोपाठ जी फेरी यायची ती गळाली. फोटो पोचतो, चिक्कीची पुडी पोचतेच असं नाही. वस्तू घरोघर झाली तेव्हा फेरी मागण्याची गरज उरली नाही, आणि गरज संपली तशी सवयही गेली. हौसेच्या इतिहासात कुणी काय विकत घेतलं याच्या नोंदी सापडतात, कारखान्यांचे आकडे असतात, परवान्यांचे आकडे असतात. दुसरी फेरी कुणाला मिळाली, याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नाही.

ती कुठे आहे सांगतो, आणि तीच आजची आमची विनंती आहे. ती तुमच्या माळ्यावर आहे. जुने अल्बम, रेडिओच्या परवान्याची पुस्तिका, सायकलचा नगरपालिकेचा बिल्ला, स्कूटरच्या नंबराची पावती, सहलीहून आलेली पोस्टकार्डं. दिवाळीच्या आवराआवरीत हे सगळं रद्दीवाल्याकडे जातं, कारण त्यात ‘ऐतिहासिक’ असं काही दिसत नाही. यंदा ते टाकण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. फोटोत कोण कोण आहे ते विचारा आणि मागे पेन्सिलीनं नावं लिहा. शाईनं नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. कॅमेरा कुणाचा होता तेही विचारा, कारण तो माणूस फोटोत नसेल. रेडिओ ऐकायला कोण कोण यायचं, आणि कोण पायरीवर उभं राहायचं, हेही विचारा. उत्तर देताना आजी जरा अडखळली तर तेही लिहून ठेवा.

आमचं बोलणं इथं संपलं. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कुणी अल्बम बरोबर आणला असेल, तर तो आधी पाहू.